जनुक जिथे सापडले, तिथे मुलाला न्यावे का?

सांगली जिल्ह्यातल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत. अकराव्या वर्षापासून चालताना तोल जातो, अक्षर बिघडत गेले, आता जिना उतरताना कठडा धरावा लागतो. आधी केलेली महागडी एक्झोम तपासणी (जनुकांचे फक्त प्रथिन बनवणारे भाग वाचणारी) नॉर्मल आली. मग दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टनी वेगळी तपासणी सांगितली आणि फ्रीड्राइख अटॅक्सिया या, हळूहळू तोल बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजाराचे निदान झाले. रिपोर्टवर ‘जीएए 650 / 900’ असे आकडे आहेत. या आजाराचे जनुक फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गजवळच्या आयजीबीएमसी या संस्थेत सापडले, हे त्यांनी शोधून काढले आहे. पुतण्या फ्रँकफर्टला असतो, तिथून स्ट्रासबर्ग मोटारीने अडीच तासांवर. ते विचारतात: मुलाला तिथे नेले तर उपचार होतील का? निदान रक्त तरी पाठवावे का? आणि बारा वर्षांच्या धाकट्या मुलीचे काय?

दादा, मी मानवी आनुवंशिकीत तीस वर्षे काम करतो आहे आणि त्या संस्थेत काही महिने राहून शिकलो आहे. म्हणून आधी थेट सांगतो. मुलाला तिथे नेऊ नका. ते रुग्णालय नाही. तिथे ओपीडी नाही, खाट नाही, तुमच्या मुलाच्या गुडघ्यावर हातोडी टेकवून पाहणारा डॉक्टर त्या इमारतीत बसत नाही. आजारी माणसांसाठी स्ट्रासबर्ग शहरात विद्यापीठाचे वेगळे रुग्णालय आहे, आणि तिथेही आज मुलाला जे मिळेल त्यातले बहुतेक सगळे मुंबई-पुण्यात मिळते.

पण तुम्ही त्या संस्थेपर्यंत पोचलात ते चुकीच्या वाटेने नाही. तुमच्या हातातल्या रिपोर्टवरचे ते दोन आकडे तिथूनच आले आहेत. ते कसे आले हे नीट समजले, तर पुढची दहा वर्षे कोणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा हे तुम्हाला स्वतःला ठरवता येईल. त्यासाठी थोडे सविस्तर लिहितो.

संस्थेचे पूर्ण नाव मराठीत सांगायचे तर ‘आनुवंशिकी आणि रेणवीय व पेशी जीवशास्त्र संस्था’. स्ट्रासबर्गच्या दक्षिणेला इल्कीर्श नावाचे गाव आहे, शहरातून ट्रामने जाता येते. पियेर शांबों या शास्त्रज्ञाने 1994 मध्ये ती उभी केली. फ्रान्सची वैज्ञानिक संशोधन परिषद, वैद्यकीय संशोधन परिषद आणि स्ट्रासबर्ग विद्यापीठ असे तिघे मिळून ती चालवतात. आत काय दिसते? लांब बोळ, दोन्ही बाजूंना प्रयोगशाळा, उणे ऐंशी अंशांचे फ्रीझर, उंदरांचे विभाग, प्रथिनांचे आकार बघणारी प्रचंड सूक्ष्मदर्शक यंत्रे. शेजारीच 2002 पासून ‘उंदरांचे क्लिनिक’ आहे. एखादे जनुक बिघडवलेल्या उंदराचे हृदय, साखर, चाल, स्मरण, सगळे तिथे मोजले जाते. एका मजल्यावर कुणी यीस्टमध्ये गुंतलेले, वरच्या मजल्यावर कुणी स्नायूंच्या आजारात. दुपारी जेवणाच्या टेबलावर ही माणसे एकत्र बसतात. माझ्या मते त्या संस्थेची खरी ताकद या टेबलावर होती.

आता तुमच्या मुलाच्या आजाराकडे येऊ.

हायडेलबर्गच्या निकोलाउस फ्रीड्राइख यांनी 1863 पासून या रुग्णांची वर्णने लिहिली. त्यानंतर सव्वाशे वर्षे डॉक्टरांना आजार ओळखता येत होता, पण कारण माहीत नव्हते. 1988 मध्ये लंडनच्या गटाने दाखवले की दोष नवव्या गुणसूत्रावर कुठेतरी आहे. ‘कुठेतरी’ म्हणजे जिल्हा कळला, गाव नाही. पुढची आठ वर्षे अनेक देशांतले गट कुटुंबामागून कुटुंब तपासत गेले. 1996 मध्ये जनुक सापडले. त्यात इल्कीर्शचे मिशेल कोएनिग आणि जाँ-लुई मांदेल, मास्सिमो पांडोल्फो आणि इटली-स्पेनमधले सहकारी होते. जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाचे नाव त्यांनी फ्रॅटॅक्सिन ठेवले.

शोधताना सगळ्यांना चकवा बसला होता. जनुकाच्या ज्या भागातून प्रथिन बनते तो भाग बहुतेक रुग्णांत अगदी स्वच्छ होता. दोष होता पहिल्या इंट्रॉनमध्ये. इंट्रॉन म्हणजे काय, ते कीर्तनावरून सांगतो. बुवा अभंगाची एक ओळ म्हणतात, मग लांब निरूपण करतात, मग दुसरी ओळ. घरी येऊन कुणी वहीत अभंग लिहून घेतला तर तो फक्त ओळी लिहितो, निरूपण गाळतो. पेशी तेच करते. जनुक पूर्ण वाचते, मधले निरूपण कापून टाकते आणि ओळी जोडून प्रथिन बनवते. तुमच्या मुलाच्या बाबतीत अभंगाच्या ओळी जशाच्या तशा आहेत. पण पहिल्या ओळीनंतरच्या निरूपणात ‘जीएए’ ही डीएनएची तीन अक्षरे, जी सर्वसाधारण माणसात तीस-पस्तीसच्या आत असतात, ती एका प्रतीत 650 वेळा आणि दुसऱ्या प्रतीत 900 वेळा आली आहेत. निरूपण इतके अडखळत लांबते की दुसऱ्या ओळीपर्यंत पोचणेच कमी होते. प्रथिन बनते ते योग्यच, पण फार थोडे. रुग्णांत ते साधारण 5 ते 35 टक्के असते.

म्हणूनच एक्झोम तपासणी नॉर्मल आली. ती तपासणी फक्त अभंगाच्या ओळी वाचते. शिवाय एकच तुकडा शेकडो वेळा आला की नेहमीच्या यंत्राला तो मोजता येत नाही. लॅबने चूक केली असे नाही, प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता. माझ्याकडे अशी कितीतरी कुटुंबे आली आहेत. एका घरात तीन वर्षे गेली, दोनदा एक्झोम झाले, दोन्ही ‘नॉर्मल’. शेवटी साध्या रिपीट तपासणीत, म्हणजे तो तुकडा किती वेळा आला हे मोजणाऱ्या तपासणीत, एका आठवड्यात निदान झाले. ते कुटुंब दर वेळी नॉर्मल रिपोर्ट बघून पेढे वाटायचे, हे आठवले की आजही वाईट वाटते. लहान वयात तोल जाऊ लागला, गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशी झाली, तर आधी जीएए रिपीटची तपासणी मागा, एक्झोम नंतर. हे वाचणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आणि पालकाला माझे हे हात जोडून सांगणे आहे.

आता त्या टेबलाकडे परत येतो. जनुकांमध्ये असे मधले तुकडे असतात, हे जगाला 1977 मध्ये कळले. अमेरिकेतल्या दोन गटांनी ते विषाणूत दाखवले, त्यांना 1993 चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी, म्हणजे 1977 मध्येच, स्ट्रासबर्गमध्ये शांबोंच्या प्रयोगशाळेने कोंबडीच्या अंड्यातल्या पांढऱ्या भागाच्या प्रथिनाचे जनुकही तुकड्यातुकड्यांत आहे हे दाखवले. त्या निबंधावर तरुण मांदेल यांचे नाव आहे. त्यांना तेव्हा कोणी विचारले असते, की कोंबडीच्या अंड्यावर सरकारी पैसा का घालवता, तर ते काय सांगणार होते? एकोणीस वर्षांनी एका असाध्य आजाराचे कारण नेमके अशाच मधल्या तुकड्यात सापडले, आणि त्या निबंधावरही मांदेल यांचे नाव आहे.

मधल्या काळात, 1991 मध्ये, मांदेल यांच्या गटाने फ्रॅजाइल एक्स या बौद्धिक अक्षमतेच्या आजारात तीन अक्षरांचा तुकडा पिढ्यापिढ्यांतून लांबत जातो हे दाखवले होते. त्याच सुमारास इतर गटांनीही तेच पाहिले. ‘लांबत जाणारे तुकडे आजार करू शकतात’ ही कल्पना त्या बोळात आधीच रुजलेली होती. ज्याने कधी साप पाहिला आहे त्याला गवतातला साप लवकर दिसतो. 2022 मध्ये मांदेल यांना मज्जाविज्ञानाचे काव्ली पारितोषिक इतर तिघांबरोबर मिळाले.

आणखी एक धागा सांगतो, कारण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. स्तनांच्या कर्करोगात बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘ईआर पॉझिटिव्ह’ लिहिलेले तुम्ही कुणाच्या तरी घरी पाहिले असेल. ईआर म्हणजे पेशीतला तो प्रथिनांचा रेणू, जो इस्ट्रोजेन हे संप्रेरक ओळखतो आणि केंद्रकात जाऊन जनुके चालू करतो. माणसातल्या या रेणूचे जनुक ज्या दोन-तीन ठिकाणी 1985-86 मध्ये वेगळे केले गेले, त्यात शांबोंची प्रयोगशाळा होती. पुढे त्याच गटाने एक युक्ती केली. डीएनए नेमक्या जागी कापणारे एक प्रथिन त्यांनी ईआरच्या तुकड्याला जोडले आणि तो तुकडा असा बदलला की तो शरीरातल्या इस्ट्रोजेनला दाद देत नाही, फक्त टॅमॉक्सिफेन या औषधाला देतो. म्हणजे उंदीर सुदृढ जन्माला येतो, मोठा होतो, आणि संशोधक औषध देईल त्या दिवशी हवे ते जनुक हव्या त्या अवयवात बंद पडते. 1995 ते 1997 या काळात घडवलेली ही कात्री आज भारतासह जगभरच्या उंदरांच्या प्रयोगशाळांत रोज वापरली जाते.

तुमच्या मुलाच्या आजाराला ती का लागली? फ्रॅटॅक्सिनचे जनुक उंदरात सुरुवातीपासून पूर्ण बंद केले तर पिल्लू गर्भातच मरते. मेलेल्या गर्भावर आजार शिकता येत नाही. इल्कीर्शमध्येच एलेन प्युच्चिओ यांनी 2001 मध्ये फक्त हृदय व स्नायूंत, किंवा फक्त मज्जापेशी व हृदयात हे जनुक बंद केलेले उंदीर तयार केले. नंतर टॅमॉक्सिफेनची कात्री वापरून मोठ्या उंदरांत हळूहळू तोल बिघडणारा आजार उभा केला. संप्रेरकांवर काम करणाऱ्यांचे हत्यार अटॅक्सियावाल्यांच्या हाती आले, तेही एकाच छपराखाली. 2014 मध्ये प्युच्चिओ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हृदय निकामी व्हायला लागलेल्या उंदरांना निरुपद्रवी विषाणूतून फ्रॅटॅक्सिनचे जनुक दिले, तर हृदय पूर्ववत होते. माणसांच्या हृदयासाठी याच वाटेने जाणाऱ्या सुरुवातीच्या चाचण्या अमेरिकेत सुरू झाल्या आहेत. उंदराचे हृदय बरे झाले म्हणजे माणसाचे झाले असे अजिबात समजू नका. पण आशा धरायची तर ती इथे धरा.

रक्त पाठवू नका, त्याचे कारणही आता लक्षात येईल. निदान झालेले आहे आणि पक्के आहे. त्यांना तुमच्या मुलाच्या रक्तातून नवे काही सांगता येणार नाही. संशोधनासाठी नमुने परदेशी पाठवायचे तर भारतीय सहकारी, नीतिमत्ता समिती आणि सरकारी परवानगी लागते, कुरिअरने पाकीट पाठवून ते होत नाही. शिवाय ज्यांनी हे काम केले ती माणसे आज तिथे भेटतीलच असे नाही. कोएनिग मोंपेलिएला गेले, प्युच्चिओ ल्योंला. ज्ञान माणसांबरोबर फिरते. आपल्याकडे दिल्लीत एम्स आणि आयजीआयबी या संस्था अनेक वर्षे अटॅक्सियाच्या कुटुंबांवर काम करत आहेत, बंगळुरूला मेंदू-मज्जासंस्थेच्या आजारांची निम्हान्स ही संस्था आहे, मुंबईत केईएम हे दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातले उत्कृष्टता केंद्र आहे. मुलाची नोंद यांपैकी एका ठिकाणी करा. पुढे भारतात चाचणी आली तर फोन नोंद असलेल्यांनाच जातो.

औषधाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण शोधताना नाव दिसले असणार. ओमाव्हेलॉक्सोलोन, विक्रीचे नाव स्कायक्लॅरिस. अमेरिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये, युरोपने 2024 मध्ये 16 वर्षांवरील रुग्णांसाठी त्याला मान्यता दिली. या आजारासाठी मान्यता मिळालेले हे पहिले औषध. ते फ्रॅटॅक्सिन वाढवत नाही, पेशीची स्वतःला सांभाळण्याची यंत्रणा जागी करते. मुख्य चाचणीत 48 आठवड्यांनंतर, 93 गुणांच्या मोजपट्टीवर, औषध घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत 2.4 गुणांचा फरक होता. म्हणजे आजार थांबत नाही, उतरण थोडी सौम्य होते. यकृताच्या तपासण्या नियमित कराव्या लागतात. अमेरिकेत बाजारात आले तेव्हा वर्षाची किंमत 3,70,000 डॉलर होती. शेत विकून हे औषध आणा असे मी कोणालाही सांगणार नाही. केंद्रातल्या डॉक्टरांना मदतीच्या योजनेबद्दल विचारा, अर्ज करा, आणि उत्तर येईपर्यंत बाकीचे उपचार थांबवू नका.

आणि एक गोष्ट ठामपणे. ‘स्टेम सेलने अटॅक्सिया बरा करतो’ असे सांगणारे कोणी ना कोणी तुम्हाला भेटेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियमांनुसार रक्ताच्या काही आजारांतील प्रत्यारोपण सोडले तर स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले की उठून या.

आज करायच्या गोष्टी साध्या आहेत आणि त्यांचा उपयोग खरा आहे. पहिले हृदय. या आजारात हृदयाचा स्नायू जाड होतो, आणि चालण्याकडे बघता बघता हृदयाकडे दुर्लक्ष होते. दर वर्षी ईसीजी आणि इको करा, छातीत धडधडले किंवा चक्कर आली तर वर्ष संपायची वाट बघू नका. दर वर्षी साखर तपासा, कारण काहींना मधुमेह होतो. पाठीचा कणा वाकतो आहे का हे वाढीच्या वयात ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. कान आणि डोळे अधूनमधून तपासून घ्या. आणि फिजिओथेरपी, तीही तोल आणि समन्वयाची, रोज. मुलाला शेतावर, गावात फिरू द्या. पडेल म्हणून घरात बसवलेले मूल लवकर चालणे सोडते, हे मी खूप पाहिले आहे.

रिपोर्टवरच्या आकड्यांबद्दल. दोनपैकी लहान आकडा, म्हणजे 650, याचा आजार सुरू होण्याच्या वयाशी साधारण संबंध असतो. पण त्यावरून ‘अमुक वर्षी व्हीलचेअर’ असे भविष्य कोणालाही सांगता येत नाही. कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

आता मुलीचे. तुम्ही दोघेही वाहक आहात, प्रत्येकाकडे एक चांगली आणि एक लांबलेली प्रत. वाहकात प्रथिन साधारण निम्मे असते आणि ते आयुष्यभर पुरते, म्हणून तुम्हाला दोघांनाही काही झाले नाही. (उपचार शोधणाऱ्यांनाही याच गोष्टीचा धीर आहे. प्रथिन पूर्ण भरून काढायची गरज नाही, निम्मे झाले तरी पुष्कळ.) मुलीला आजार असण्याची शक्यता चारात एक, फक्त वाहक असण्याची चारात दोन, काहीच नसण्याची चारात एक. तिला आज कोणतेही लक्षण नसेल तर घाईने जनुक तपासू नका. न्यूरॉलॉजिस्टकडून वर्षातून एकदा तपासून घ्या, एक इको करून ठेवा. लक्षण दिसले तर मात्र तपासणी लगेच. केवळ वाहक आहे का हे तिने सज्ञान झाल्यावर, समजून घेऊन, स्वतः ठरवून तपासावे. तो कागद तिच्या लग्नाच्या बोलण्यात इतर कोणाच्या हाती जाता कामा नये.

तुमच्या पत्रात एक ओळ होती: ‘आमच्या घराण्यात कोणालाच नाही, मग हे आले कुठून?’ घरात हे बोट कुठे वळते हे मला माहीत आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. मुलाच्या आईकडून जितके आले तितकेच तुमच्याकडून आले. दोन्ही घराण्यांत ही प्रत अनेक पिढ्या गुपचूप चालत आली असणार. तुमचे लग्न नात्यातले आहे का ते तुम्ही लिहिलेले नाही. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे रीतीचे मानतात, गोत्र वेगळे पडते म्हणून निर्धास्त असतात. पण मामेबहीण आणि आतेभाऊ यांचे एका बाजूचे आजी-आजोबा एकच, आणि जनुक गोत्र बघत नाही. म्हणून दोन्हीकडच्या तरुण भावंडांना, विशेषतः नात्यात लग्न ठरत असेल तर, वाहक तपासणीची माहिती द्या. तपासणी करायची की नाही हे त्यांचे त्यांनी ठरवावे. कुटुंबात पुढे गर्भधारणा झाली आणि दोघेही वाहक असतील, तर 11 ते 13 आठवड्यांत नोंदणीकृत केंद्रात गर्भाची या आजारासाठी तपासणी कायद्याने करता येते. गर्भलिंग मात्र सांगता येत नाही आणि विचारायचेही नाही.

शेवटी एक काम, जे या आठवड्यातच करा. मुलगा बारावीत आहे आणि अक्षर बिघडले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार येतात. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र घ्या. त्यावर परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान 20 मिनिटे जादा वेळ मागता येतो. न्यूरॉलॉजिस्टचे पत्र, रिपीटचा रिपोर्ट आणि शाळेचा दाखला बरोबर न्या. अर्ज कॉलेजमार्फत बोर्डाकडे जातो, त्याला वेळ लागतो, आणि लेखनिकाबरोबर लिहिण्याची सवयही मुलाला परीक्षेआधी दोन-तीन महिने करावी लागते.